तीन खोक्यांतला पलंग

हल्लीं पलंग पलंगाच्या रूपानें घरीं येत नाहीं. तो खोक्यांतून येतो. फळ्या, खुंट्या, स्क्रू आणि एक लहानशी सचित्र पुस्तिका अशा विस्कळित अवस्थेंत येतो, आणि त्यास पलंगपण प्राप्त करून देण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर, किंवा त्याच्या वतीनें पुढें केव्हां तरी येणाऱ्या एका अनोळखी इसमावर टाकलेली असते. नामरूपाची चर्चा करतांना आमच्या वेदान्त्यांना घटाचें उदाहरण घ्यावें लागे. आजच्या वेदान्त्यानें पलंगाचें घ्यावें. खोक्यावर नांव आहे, बिलावर किंमत आहे. रूप तेवढें अजून यावयाचें आहे!

ही कल्पना अगदीं नवी आहे असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. मिखाएल थोनेट ह्या जर्मन कारागिरानें व्हिएन्नांत राहून १८५९ सालीं आपली चवदा नंबरची खुर्ची काढली, तेव्हांच सहा तुकडे, दहा स्क्रू व दोन नट असा तिचा हिशेब त्यानें करून ठेवला होता. सुट्या केलेल्या अशा ३६ खुर्च्या एक घनमीटर मापाच्या पेटींत मावत आणि बोटींतून देशोदेशीं जात. पुण्यामुंबईच्या इराण्यांकडे चहा पितां पितां ज्या वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या आमच्या पिढीनें झिजविल्या, त्या ह्याच कुळांतल्या. पुढें १९५६ मध्यें स्वीडनच्या आयकिया कंपनींतील गिलिस लुंडग्रेन ह्या गृहस्थांना एक टेबल मोटारींत मावेना, म्हणून त्यांनीं त्याचे पाय काढले, आणि त्यांतून एवढा मोठा व्यापार उभा राहिला, अशी कथा ती कंपनी सांगते. २०१८ च्या ऑगस्टांत तिनें हैदराबादेस भारतांतलें आपलें पहिलें दुकान उघडलें आणि २०२० च्या डिसेंबरांत नवी मुंबईंत दुसरें. मी पुढें जी हकीकत सांगणार आहें तिच्याशीं ह्या कंपनीचा कांहीं एक संबंध नाहीं. ज्या दुकानाचा संबंध आहे त्याचें नांव मी घेत नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांना तेथें आपापल्या अनुभवांतलें नांव घालतां येईल.

आणि परक्यांचें कशाला? आमची बाज तरी दुसरें काय होती? चार पाय, चार आडवीं लाकडें आणि सुंभाचें वेटोळें. बैलगाडींत टाकून ती एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतां येई. तेव्हां ह्या युक्तींत शहाणपण आहे, हें मी मोकळ्या मनानें मान्य करतों. जोडलेलें कपाट वाहून नेणें म्हणजे पुष्कळ अंशीं हवाच वाहून नेणें होय, आणि हवेचें भाडें कोणीं भरावें? शंका युक्तीविषयीं नाहीं. तुकडे एकत्र न आले म्हणजे जबाबदार कोण, एवढाच काय तो प्रश्न आहे.

मी राहतों तें कळमना नागपूरच्या पूर्वेच्या अंगास आहे. तेथें कृषि उत्पन्न बाजार समितीचें विस्तीर्ण आवार आहे, आणि मालगाड्यांचा खडखडाट रात्रभर चालतो. फेब्रुवारींत मृगबहाराचीं संत्रीं आणि लाल मिरची एकाच सुमारास बाजारांत येतात. सकाळच्या वाऱ्यावर संत्र्यांचा वास असतो. दुपारीं तोच वारा ठसका घेऊन येतो, आणि पाहुणे मंडळी डोळे पुसतपुसत आमच्या पत्त्याविषयीं मत देतात. अशाच एका फेब्रुवारींत माझी आई, वय ८३, न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशीं पडली व तिच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु घरीं पाठविण्यापूर्वीं डॉक्टरांनीं एक अट घातली. पलंग असा हवा कीं त्यावर बसलें असतां पावलें जमिनीस टेकावींत आणि गुडघे खुब्याच्या वर जाऊं नयेत. म्हणजे गादीखालीं सुमारें ५० सेंटीमीटर उंची हवी. तशा उंचीवरून ती स्वतः उठूं शकली तरच पुन्हां चालूं लागेल, आणि ह्या वयांत जी दोन महिने अंथरुणावर राहते ती बहुधा अंथरुणावरच राहते, असेंही त्यांनीं मला बाजूस घेऊन सांगितलें.

आईचा जुना पलंग ३५ सेंटीमीटर उंचीचा होता. तो माझ्या आजोबांनीं इतवारींतल्या एका वाढईकडून करवून घेतलेला. आमच्या भागांत सुताराला वाढई म्हणतात. लाकूड बल्लारशाकडचें सागवान. त्याचा एकही सांधा लोखंडाचा नाहीं, एका लाकडाचें टोंक दुसऱ्याच्या खाचेंत ठोकून बसविलेलें. (२०२३ सालीं दिल्लीस जें नवें संसदभवन उघडलें त्यांत नागपूरकडून गेलेलें सागवान आहे, ह्याचा आम्हां वैदर्भीयांना उगीचच अभिमान वाटतो, जणूं कांहीं झाडें आम्हींच वाढविलीं!) तो पलंग उचलावयास चार माणसें लागत. आई लग्न होऊन आली तेव्हांपासून तो घरांत आहे.

माझा मुलगा पुण्यास नोकरीस असतो. त्यानें तेथूनच एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळावर नेमका ५० सेंटीमीटर उंचीचा पलंग शोधून काढला व पैसे भरले. माल चार दिवसांत पोंचेल, पांचव्या दिवशीं माणूस येऊन जोडून देईल, असें लेखी अभिवचन मिळालें. आईला सातव्या दिवशीं घरीं आणावयाचें होतें. हिशेबांत दोन दिवस शिल्लक होते.

चौथ्या दिवशीं खोकीं आलीं. तीन यावयाचीं, तीं दोनच आलीं. तिसऱ्यांत बाजूच्या लांब पट्ट्या आणि स्क्रू-खुंट्यांची पिशवी होती, असें पुस्तिकेंतल्या चित्रांवरून दिसलें. मोबाईलवर मात्र आपला सर्व माल पोंचल्याचा आनंदी संदेश झळकला.

त्यानंतरच्या दोन दिवसांत मी ग्राहकसेवा नामक संस्थेशीं अकरा वेळां बोललों. संस्था म्हणतों, कारण तेथें व्यक्ति भेटत नाहीं. प्रथम एक ध्वनिमुद्रित बाई इंग्रजीसाठीं एक व हिंदीसाठीं दोन दाबावयास सांगतात. मग संगीत लागतें. मग एक मनुष्यवाणी आपलें नांव सांगते, आपली अडचण तिला पूर्णपणें समजल्याचें, ती ऐकण्याच्या आधींच, कळविते, आणि बारा आंकडी तक्रार-क्रमांक विचारते. पुढल्या खेपेस वाणी निराळी असते व सर्व कथा पुन्हां मुळापासून सांगावी लागते. आमच्याकडील कीर्तनकाराला देखील एका आख्यानाचे दोन दिवसांत अकरा प्रयोग करावे लागत नसतील.

मीं जन्मभर विद्यार्थ्यांना इंग्रजी भाषा शिकविली. तींतल्या कर्मणि प्रयोगाची खरी थोरवी मला ह्या दोन दिवसांत कळली. ‘आपली तक्रार नोंदविण्यांत आली आहे. ती संबंधित विभागाकडे पाठविण्यांत आली आहे. तिचा पाठपुरावा केला जात आहे.’ कोणीं नोंदविली? कोण पाठपुरावा करीत आहे? वाक्यामागून वाक्य येतें, व्याकरणाची एक चूक नाहीं, आणि कर्त्याचा पत्ता नाहीं. मराठींत कर्ता लोपला असतां त्यास आपण अध्याहृत म्हणतों. म्हणजे तो कोठें तरी आहे, वाक्य उलगडून पाहिलें तर सांपडतो. येथें तो अध्याहृतही नव्हता. ‘गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे’ असें अकराही वेळां ऐकलें. गैरसोय आपोआप झाली, पाऊस पडावा तशी. आणि खेदही कोणाला तरी झाला असावा.

तरीही त्या वाण्यांवर मला रागावतां येईना. त्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या होत्या. माझ्याच वर्गांतून गेलेलीं किती तरी मुलें कोठल्या तरी इमारतींत कानाला यंत्र लावून रात्रपाळ्या करीत असतील, आणि समोरच्या पडद्यावर जीं वाक्यें उमटतात तेवढींच बोलण्याची त्यांना मुभा असेल. सातव्या खेपेस एक मुलगी बोलत होती. इंग्रजी बोलतां बोलतां माझ्या तोंडून मराठींत निघून गेलें, ‘परवां आईला दवाखान्यांतून आणायचं आहे हो.’ क्षणभर पलीकडे कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग ती मराठींत, अगदीं हलक्या आवाजांत म्हणाली, ‘सर, तिसरं खोकं गोदामांत दाखवतच नाहीये. तुम्ही वाट नका बघू.’ आणि लगेच मोठ्यानें, इंग्रजींत, गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करून तिनें संभाषण संपविलें. त्या दोन दिवसांत मला उपयोगी पडलेलें वाक्य तें एकच.

पांचव्या दिवशीं ठरल्याप्रमाणें जोडणारा तरुण आला. कंपनीच्या दप्तरीं सर्व माल पोंचलेला होता. तेव्हां त्याला पाठविणें क्रमप्राप्तच होतें. पाठीवर हत्यारांची पिशवी, मोटारसायकल स्वतःची. दोन खोकीं पाहून तो म्हणाला, ‘पट्ट्याच नाही न जी सर. मी काय जोडू?’ मग थोडा वेळ थांबून, खालीं पाहत म्हणाला, ‘तेवढा ओटीपी सांगून द्या सर. नाही तर माझा फेरा कटते.’

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. काम पुरें झालें म्हणजे ग्राहकाच्या मोबाईलवर आलेला गुप्त आंकडा कारागिराला द्यावयाचा असतो. तो त्यानें आपल्या यंत्रांत घातला कीं काम झाल्याची नोंद होते व त्याची मजुरी जमा होते. आंकडा नाहीं तर मजुरी नाहीं. मग तो पारडीहून आलेला असो कीं हिंगण्याहून. परंतु मीं आंकडा दिला असता तर पलंग जोडला गेल्याची नोंद होऊन माझी तक्रार तत्क्षणीं निकालांत निघाली असती. गोदामांत कोणीं तरी केलेला गोंधळ असा फिरत फिरत माझ्या ओसरीवर आला होता आणि आम्हां दोघांपैकीं कोणीं तरी एकानें तो आपल्या अंगावर घ्यावा अशी पाळी होती. कंपनीचा त्यांत एक पैसाही जाणार नव्हता. हमालांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी कायदा केला, तेव्हां पाठीवर पोतें वाहणाऱ्या माणसाचें नांव निदान एका मंडळाच्या वहींत चढलें. मोबाईलच्या हुकमावर दारोदार फिरणाऱ्या ह्या नव्या कामकऱ्याची व्याख्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आली खरी. पण माझ्या ओसरीवर उभ्या असलेल्या तरुणाला त्या दिवशीं तिचा कांहीं उपयोग नव्हता.

मीं आंकडा दिला नाहीं. त्याची मजुरी ३५० रुपये होती, ती देऊं केली. त्यानें पेट्रोलापुरते १५० घेतले व बाकीचे हट्टानें परत केले. ‘काम नाही केलं न जी,’ म्हणाला. परंतु निघण्यापूर्वीं त्यानें दोन्ही खोकीं उघडून फळ्या भिंतीशीं ओळीनें उभ्या केल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनें क्रमांक घातला आणि आपला दूरध्वनि लिहून ठेवला. खोकें आलें तर दुसऱ्या कोणाला न बोलावतां त्यालाच बोलवावें म्हणून.

मायकेल नॉर्टन, डॅनिएल मोशॉन व डॅन ॲरिएली ह्या तीन अभ्यासकांनीं २०१२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला आहे. मनुष्यानें स्वतःच्या हातानें जोडलेल्या वस्तूची किंमत तो जास्त मानतो, असें त्यांनीं प्रयोगांनीं दाखविलें. त्याच निबंधांत असेंही आहे कीं जोडणी अर्धवट राहिली तर ही माया उत्पन्न होत नाहीं. ह्या दुसऱ्या सिद्धान्तास आमच्या भिंतीशीं उभ्या असलेल्या फळ्यांनीं भक्कम पुरावा दिला असता. आमच्या घरांतून तर त्यांना ‘तीं प्रेतं’ असें नांव मिळालें.

ह्या दोन दिवसांत रोज सकाळीं फिरावयास म्हणून मी बाजाराच्या बाजूस जात होतों. संत्र्यांच्या गाड्यांभोंवतीं लिलाव चाललेले असत. बागायतदार, अडत्या, घेणारा आणि बोली पुकारणारा एकाच ढिगाभोंवतीं उभे. ‘मी घेतलं’, ‘तू बोललास’, ‘यानं फळ हलकं दाखवलं’. वाक्यांना कर्ते असत; बहुधा कर्त्यांना विशेषणेंही जोडलेलीं असत. तेथें न्याय अधिक होतो असें मी म्हणत नाहीं. बाजार म्हटला कीं मापाचा व भावाचा तंटा आलाच, आणि तो दर वेळीं शेतकऱ्याच्याच बाजूनें सुटतो असेंही नाहीं. पण ज्याच्याशीं भांडावयाचें तो समोर उभा असतो, आणि उद्यांही त्याला तेथेंच उभें राहावयाचें असतें.

बाजाराच्या फाटकाबाहेर फळांच्या लाकडी पेट्या व हातगाड्या दुरुस्त करणारा एक वयस्क वाढई बसतो. सहाव्या दिवशीं त्याला घरीं आणलें. पट्ट्या तरी करून देतो का, पाहावें म्हणून. त्यानें फळीवर बोटाचा पेर वाजविला, कडेची चिकटपट्टी नखानें किंचित् उचलली आणि म्हणाला, ‘हे लाकूड नोहे जी सर. हा भुसा होय, सरसात बसवलेला.’ त्याचें निदान बरोबर होतें. लाकडाचा भुगा, किंवा उसाचा चोथा, चिकट द्रव्यांत कालवून दाबांत धरला म्हणजे ही पार्टिकल बोर्डाची फळी होते. स्वस्त असते, सरळ असते, वाळवंटांतही वांकत नाहीं. पण तिच्यांत एकदां बसविलेला स्क्रू काढून पुन्हां बसविला कीं भोक पोकळ होतें. तिला दुसरी संधि नाहीं.

मग त्यानें विचारलें, ‘पलंग कोणासाठी पायजे?’ मीं सांगितलें. ‘मायच्या गुडघ्याचं माप काय?’

ग्राहकसेवेनें मला माझा दूरध्वनि, ईमेल, पिनकोड, जन्मतारीख आणि सेवेस दहापैकीं किती गुण देतां हें सर्व विचारलें होतें. पलंग कोणासाठीं, हें अकरांपैकीं एकानेंही विचारलें नव्हतें.

त्यानें आजोबांचा पलंग पाहिला. खालीं वाकून सांधे चांचपले. चारही पायांना हात लावून उठला आणि म्हणाला, ‘हा काहून टाकता? याले जोडे घालून देतो.’ संध्याकाळपर्यंत त्यानें सागाच्या एका जुन्या तुळईचे चार ठोकळे कापून आणले. प्रत्येक ठोकळा १८ सेंटीमीटर उंच, बुडाशीं रुंद, आणि वर तीन सेंटीमीटर खोल खळगा. पलंगाचा पाय त्यांत असा बसला कीं हलविला तरी हलेना. शेजारचे तिघे व मी मिळून पलंग उचलला आणि त्यानें चारही पायांत जोडे घातले. टेप लावली तेव्हां बरोबर ५० भरले. लाकूड व मजुरी मिळून त्यानें १,२०० रुपये मागितले. पावती मागण्याचें कोणाला सुचलें नाहीं.

सातव्या दिवशीं आई घरीं आली. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं तिला पलंगाच्या कडेवर बसविलें, पावलें जमिनीस टेकलीं आहेत हें पाहिलें, आणि चौकट हातांत देऊन उठावयास सांगितलें. ती उठली. पुन्हां बसली. मग सभोंवार पाहून म्हणाली, ‘अरे, हा आपलाच न? उंच कसा झाला?’

दुकानाचा विषय मात्र मीं सोडला नाहीं. रागापेक्षां त्या कर्त्याचें कुतूहल मला अधिक होतें. पुण्यास १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हां ग्राहकाला स्वतंत्र कायदा हवा ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटत असे. कायदा १९८६ सालीं झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा अधिनियम २०२० च्या जुलैंत अंमलांत आला, आणि त्याच महिन्यांत संकेतस्थळांवरून चालणाऱ्या व्यापाराचे नियमही निघाले. त्या नियमांप्रमाणें अशा प्रत्येक दुकानानें एक तक्रार-अधिकारी नेमून त्याचें नांव, हुद्दा व पत्ता उघड ठेवावा लागतो. त्यानें ४८ तासांत पोंच द्यावयाची व महिन्याच्या आंत निवारण करावयाचें. पांच लाखांपर्यंतच्या मालाबद्दल जिल्हा आयोगापुढें गेलें तर फी पडत नाहीं, आणि तत्पूर्वीं १९१५ ह्या क्रमांकावर सरकारी साहाय्य मिळतें. व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें तर ह्या नियमांनीं एवढेंच केलें कीं वाक्यांत कर्ता असलाच पाहिजे असें फर्माविलें. संकेतस्थळाच्या तळाशीं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, मला तो सांपडला. मीं पत्र लिहिलें, आणि तें कटाक्षानें कर्तरि प्रयोगांत लिहिलें. तुम्हीं तीन खोक्यांचे पैसे घेतलेत. तुम्ही दोन खोकीं पाठविलींत. तुम्ही तिसरें अमुक दिवसांत पाठवा, अन्यथा मी आयोगाकडे जाईन. (वैयाकरणांनीं पहिल्या वाक्याबद्दल मला क्षमा करावी, मराठीचा भूतकाळ कर्मणीवांचून चालत नाहीं, पण तो कर्त्याला लपवीत तरी नाहीं.) दुसऱ्याच दिवशीं पोंच आली आणि तिच्याखालीं एका माणसाचें नांव होतें.

एकुणिसाव्या दिवशीं तिसरें खोकें आलें, जोडणीचे पैसेही परत आले. मीं त्या तरुणाला बोलाविलें. पेन्सिलीचे आंकडे फळ्यांवर तसेच होते. त्यानें चाळीस मिनिटांत पलंग उभा केला, पुस्तिका न उघडतां. एका षट्कोनी वांकड्या चावीनें तो स्क्रू पिळीत होता आणि आई चौकटीच्या आधारानें दारांत उभी राहून पाहत होती. काम झाल्यावर त्यानें आंकडा मागितला, मीं दिला. आईनें त्याला संत्रीं दिलीं आणि नव्या पलंगाकडे पाहून सांगितलें, ‘यावर पाहुणे निजतील. मला माझा बरा.’

पिशवी आवरतां आवरतां त्याचें लक्ष आजोबांच्या पलंगाकडे गेलें. तो गुडघ्यावर बसला, एका ठोकळ्यावरून हात फिरवला, खळग्याच्या कडेंत नख घालून पाहिलें. ‘हे कोणं केलं जी?’ त्यानें विचारलें. त्याच्याही घरीं आई होती, आणि तिचेही गुडघे दुखत. मीं त्याला बाजाराच्या फाटकाबाहेरची जागा सांगितली, आणि जाण्यापूर्वीं गुडघ्याचें माप घेऊन जा, असें आई म्हणाली.